गोणी पाठीवर येते तेव्हा

ट्रकचा मागचा फाळका धाडकन खाली पडतो आणि कांद्याचा उग्र, ओलसर वास अंगावर येतो. पाच वाजायला आलेत. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये नाशिककडून, जुन्नरकडून आलेल्या गाड्या गाळ्यांकडे पाठ करून उभ्या आहेत. सगळी मुंबई याला वाशी मार्केट म्हणते. तुर्भेकरांनी आता त्याचा राग धरणंही सोडून दिलंय. ट्रकवर दोघं चढलेत. खाली तिसरा फाळक्याला पाठ करून उभा राहतो, कमरेत वाकतो, दोन्ही हात खांद्यांवरून मागे नेतो. वरचे दोघं गोणीचे कान धरतात, एक हिसका देतात आणि पन्नास किलो कांदा त्याच्या मानगुटीखाली, दोन खवाट्यांच्या मध्ये येऊन बसतो. गोणी पुरती बसायच्या आधीच त्याचे पाय निघालेले असतात.

तो चालत नाही, धावतही नाही. गुडघे किंचित दुमडलेले, पावलं छोटी आणि भराभर. पंचवीस-तीस पावलांवर गाळा आहे. तिथे पोचल्यावर तो अंग तिरकं करतो, गोणी थप्पीवर आपोआप उतरल्यासारखी उतरते आणि मोकळ्या पाठीने तो सावकाश, हात हलवत परत येतो.

“पाहिलंत? ओझं असताना घाई आणि रिकामा असताना निवांत. आमच्या पुस्तकात उलटं असतं,” शेजारी उभ्या असलेल्या मॅडम म्हणतात.

मॅडम नवी मुंबईतल्या एका फिजिओथेरपी कॉलेजात शिकवतात. क्लिनिकल बायोमेकॅनिक्स हा त्यांचा विषय. हाडं, सांधे, स्नायू यांच्यावर हालचालीत किती बळ येतं ते मोजायचं आणि त्यावरून दुखणाईताला पुन्हा हिंडतं-फिरतं करायचं. पुढच्या काही वर्षांत या विषयात कोणते प्रश्न आधी हाती घ्यावेत याची यादी त्यांना करायची आहे. ती टेबलाशी बसून करायची नाही म्हणून त्या इथे आल्यात, आणि मी त्यांच्या शेपटाला. अजून प्रकल्प नाही, नैतिकता समितीची परवानगी नाही; त्यामुळे फोन पर्समध्ये बंद. हातात शाळकरी वही.

टोळीचा मुकादम आमच्याकडे येतो. साठीला टेकलेला, सडसडीत, कपाळावर बुक्का. पाटण तालुक्यातला. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील तिथलेच, हे तो पहिल्या दोन वाक्यांत सांगून टाकतो.

“मामा, गोणी पाठीवर आल्यावर हे पळतात का?” मॅडम विचारतात.

“आवो, उभं ऱ्हायलं की जड हुती. चालत्या माणसाला कमी लागती.”

मॅडम वहीत लिहून घेतात, अगदी शब्दांत फरक न करता. मला वाटतं, त्या माणसाचं मन राखायला लिहीत असतील. पण नाही. “ही तपासून बघण्याजोगी गोष्ट आहे,” त्या हळूच म्हणतात. “त्याचं डोकं बघा. गुडघे दुमडलेले आहेत म्हणून ते फारसं वर-खाली होत नाही. गोणी एका रेषेत सरकतेय. दर पावलाला पन्नास किलो वर उचलावे लागले असते, ते तो वाचवतोय.”

केनियातल्या बायका डोक्यावर स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंत ओझं घेऊन चालतात तेव्हा त्यांच्या शरीराला जवळजवळ काहीच जादा खर्च पडत नाही, असं १९८६ साली ‘नेचर’मध्ये छापून आलं होतं. नेपाळातले पुरुष भरिया कपाळावरच्या पट्ट्याला डोको अडकवून सरासरी स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के ओझं नेतात, हे २००५ साली ‘सायन्स’मध्ये आलं. दोन्हीकडे माणूस किती प्राणवायू वापरतो ते मोजलं होतं. म्हणजे दमाचा हिशोब झाला. मणक्याचा, गुडघ्याचा, मानेचा हिशोब वेगळा, आणि दम वाचवणारी चाल गुडघा वाचवते असं मुळीच नाही. दुमडलेल्या गुडघ्यावर मांडीचे स्नायू सतत ताणलेले राहतात, वाटीमागचा दाब वाढतो. मुकादमाच्या टोळीत कंबर किती जणांची दुखते हे विचारायला आलेल्या मॅडम वहीत आता ‘गुडघा’ लिहून त्याभोवती गोल काढतात.

पुढचा गडी येतो, आणि त्याचा पाय घसरतो. पडत नाही. फोलपटं आणि एक सडका कांदा टाचेखाली आलेला असतो. तो अर्ध्या पावलात सावरतो, तोंडातून एक शिवी निघते आणि गोणी गाळ्यात पोचते. हे सगळं एका सेकंदात. चाल तपासायच्या प्रयोगशाळेत अंगावर चकाकणारे छोटे गोळे चिकटवतात, चारी बाजूंनी कॅमेरे असतात, जमिनीत बसवलेली पाटी पावलाचा दाब टिपते. जमीन सपाट, कोरडी, खोली थंडगार. माणूस रिकाम्या हाताने दहा पावलं चालतो. ज्याला आपण ‘नॉर्मल’ म्हणतो ते आकडे बहुतांशी अशा खोल्यांतून आलेले, आणि त्यातलेही बरेचसे युरोप-अमेरिकेतल्या माणसांचे. त्या आकड्यांशी ताडून बघितलं तर या फरशीवरचा एकही माणूस नॉर्मल ठरायचा नाही. आता दोन मोबाइलच्या चित्रीकरणावरून सांध्यांची हालचाल आणि त्यांवरचं बळ काढता येतं. स्टॅनफर्डच्या मंडळींनी तसं ‘ओपनकॅप’ नावाचं साधन काढलंय. तेव्हा प्रयोगशाळा बाजारात न आणायची सबब आता पैशांची राहिलेली नाही. मात्र इथे कॅमेऱ्यासमोरून दर दोन सेकंदाला कोणी ना कोणी आडवं जातं, ते त्या साधनाला झेपेल का, हा मॅडमचा दुसरा गोल.

चहा येतो. मुकादमाने मागवलेला, त्यामुळे नाही म्हणायची सोय नाही.

“कितीला उठता मामा?”

“तीनला. कोपरखैरण्याला ऱ्हातो. गाडी लागली की लगीच हात लावायचा.”

मॅडमचा कप ओठांशी थांबतो. कारण त्यांना माहीत आहे आणि मला त्या सांगतात. रात्रभर आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात. सकाळी आपण झोपतानापेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच असतो, ते यामुळे. फुगलेली गादी वाकताना जास्त ताण घेते. अमेरिकेत स्नूक आणि सहकाऱ्यांनी जुन्या कंबरदुखीच्या माणसांना एवढंच सांगितलं होतं की उठल्यावर पहिले काही तास कमरेत वाकू नका. त्यांचं दुखणं कमी झालं. तो निबंध १९९८ सालचा. आणि इथे तीनला उठलेला माणूस चार-साडेचारला कमरेत वाकून पाठीवर पन्नास किलो घेतो. तेही वर्षानुवर्षं.

“मग यांना काय सांगणार?” मी विचारतो. “दहा वाजेपर्यंत वाकू नका?”

“म्हणून तर प्रश्न आहे. काय सांगता येईल हे शोधायचंय. उठल्यावर अर्धा तास चालून आलं तर गादी किती बसते? पहिल्या दहा गोण्या दुसऱ्या कोणी घेतल्या तर? गाडीवर चढणाऱ्याने आणि पाठीवर घेणाऱ्याने पहिल्या तासात अदलाबदल केली तर?”

शेवटचा प्रश्न मुकादम ऐकतो. “ते करतो की आमी. नवा पोरगा पयल्यांदा वर चढतो.” मग थोडा विचार करून म्हणतो, “पण म्हाताऱ्याला वर चढवलं तर त्येला राग येतो.”

गादीतला दाब खरोखर किती असतो हे आपल्याला माहीत आहे ते फार थोड्या माणसांच्या जिवावर. स्वीडनमध्ये नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या गादीत सुई घालून तो मोजला. पुढे जर्मनीत विल्के आणि सहकाऱ्यांनी एकाच स्वयंसेवकाच्या कण्यात दाबमापक बसवून त्याला दिवसभर उठायला, बसायला, शिंकायला, झोपायला लावलं. ४५ वर्षांचा, ७० किलोचा माणूस. उभा असताना दाब ०.५ मेगापास्कल, पाठ गोल करून २० किलो उचलताना २.३. हे १९९९ साली छापलं गेलं आणि आजही जगभरातल्या फिजिओथेरपीच्या वर्गांत भिंतीवर लागतं. एका माणसाची पाठ, वीस किलो. इथे समोर अडीचपट ओझं आहे, तेही हातात नाही, पाठीवर. आणि ती पाठ विशीपासून हेच करत आलेली. यांच्या कण्यात कोणी सुई घालावी असं कोणी म्हणणार नाही, घालूही नये. पण हालचालीवरून गणिताने दाब काढणारी जी संगणकी प्रतिमानं आहेत, ती अशा पाठीवर पारखून घेतल्याशिवाय त्यांचा आकडा किती खरा मानायचा?

“गुडघ्यात बसून उचला, पाठ सरळ ठेवा, हे मी वीस वर्षं शिकवतेय,” मॅडम म्हणतात. “आणि त्याला पुरावा नाही हेही तितकीच वर्षं माहीत आहे.” नेदरलँड्सच्या व्हान डीन यांनी १९९९ मध्ये ‘क्लिनिकल बायोमेकॅनिक्स’ याच नावाच्या नियतकालिकात सगळे अभ्यास चाळून दाखवलं होतं की वाकून उचलण्यापेक्षा बसून उचललं की कंबर वाचते, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. उचलण्याचं प्रशिक्षण दिल्याने कंबरदुखी टळते का, याच्या आढाव्यांतूनही फारसं हाती लागलं नाही. कमरेच्या पट्ट्याचीही तीच कथा. अमेरिकेतल्या नऊ हजारांवर दुकान-कर्मचाऱ्यांच्या अभ्यासात पट्टा बांधणाऱ्यांच्या पाठीला काही फायदा दिसला नाही; तो अभ्यास २००० साली ‘जामा’त आला. तरी तुर्भ्याच्या कुठल्याही मेडिकलमध्ये पट्टा टांगलेला असतोच. स्प्रिंगवाले आधार-सांगाडेही आता आलेत, पाठीवर चढवायचे. मे महिन्यात नवी मुंबईच्या घामात ते घालून कोणी सहा तास गोण्या वाहून दाखवाव्यात, मग पुढचं बोलू.

साडेसहाला उजाडतं. गाळ्यांच्या इमारतीचं सुटलेलं प्लास्टर आणि उघड्या पडलेल्या सळया दिसायला लागतात. महापालिकेने या इमारती धोकादायक ठरवून वर्षं लोटली. खरेदीदार येतात, मापाडी काटा सरकवतो, दलालाचा माणूस कांदा हातात घेऊन त्याची साल सोलून दाखवतो. टोळी थांबत नाही.

मुकादमाची पाठ आयुष्यात एकदाही धरली नाही, असं तो सांगतो. उसण भरली असेल, ती कोणाची भरत नाही, पण अंथरूण धरलं नाही. मला हे फार आवडतं. मी मॅडमना म्हणतो, आपण दवाखान्यात फक्त मोडलेल्या पाठी बघतो. संशोधन खरं तर या न मोडलेल्या पाठींचं व्हायला हवं. यांना काय साधलंय ते शोधा आणि बाकीच्यांना शिकवा.

त्या मुकादमाकडे वळून विचारतात, “मामा, तुम्ही लागलात तेव्हा टोळीत किती जण होते? त्यातले आज किती आहेत?”

मुकादम बोटं मोजतो. नावं घेतो, एकेक. हा मुलीच्या लग्नानंतर गेला. हा दारूने. हा गुडघ्यामुळे. हा कंबर गेली म्हणून; आता गावी म्हशी बघतो. ह्याचं ऑपरेशन झालं, मग काय कळलं नाही. बोटं संपतात. त्याच्याबरोबर लागलेला दुसरा एकच गडी समोर काम करतोय.

“न मोडलेल्या पाठी इथे दिसतात, कारण मोडलेल्या गावी गेल्या,” मॅडम मला म्हणतात. “तुम्ही उरलेल्यांनाच बघून निष्कर्ष काढलात तर गोणी उचलणं प्रकृतीला चांगलं, असंही सिद्ध होईल.”

त्यांच्या यादीतला हा मजकूर सगळ्यांत लांब होतो. पाटण, जावळी, आंबेगाव, जुन्नर. जे परत गेले त्यांच्या घरी जायचं. कितव्या वर्षी काम सोडलं, कशाने, आधी काय दुखायला लागलं होतं, दुखत असताना किती महिने उचलत राहिले, आता काय करता येतं, उकिडवं बसता येतं का, शेतात वाकता येतं का. प्रयोगशाळेतला एकही कॅमेरा याला लागत नाही. एसटीचं तिकीट लागतं. आणि नव्याने टोळीत आलेल्या पोरांना आजपासून दहा वर्षं धरून ठेवायचं, मधून मधून मोजायचं. अशा अभ्यासाला पैसे देणारे कमी, कारण तीन वर्षांत त्यातून निबंध निघत नाही. माझ्या मते यादीत हे पहिलं हवं, सेन्सर नंतर. मॅडम अजून क्रम लावत नाहीत.

गाळ्याच्या कडेला रिकामं बारदान घडी करत एक जण बसलाय. चाळिशीचा, दंड अजून भरदार. मुकादम त्याला हाक मारतो. तो उठतो ते दोन टप्प्यांत. आधी हात मांडीवर, मग कंबर.

त्याच्या पिशवीत एमआरआयची फिल्म आहे, रोज बरोबर असते. मॅडम ती उजेडाकडे धरतात. तो बोट ठेवून दाखवतो, “हितं ग्याप हाय. नस दाबली. पायात मुंग्या यायच्या, आता न्हायत.” मॅडम त्याला वाकायला सांगतात, टाचांवर चालायला, पंजांवर चालायला सांगतात, अंगठा वर करायला लावून त्यावर जोर देऊन बघतात. जोर पूर्ण आहे. मग त्या त्याला समजावतात की फिल्ममध्ये दिसतं ते सगळंच दुखण्याचं कारण नसतं. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले तेव्हा निम्म्यांहून जास्त लोकांची एखादी तरी गादी फुगलेली दिसली होती. १९९४ सालची गोष्ट. तो ऐकून घेतो. चेहऱ्यावरून पटलेलं दिसत नाही. एवढे पैसे मोजून काढलेल्या फिल्ममध्ये दिसणारी ग्याप अशी कशी फुकट जाईल?

“डॉक्टर काय म्हणाले?”

“दोन किलोच्या वर उचलू नका म्हणाले. कायमचं.” तो फिल्म परत पाकिटात घालतो. “दोन किलोत काय येतं, ताई? माझी पोरगी तीन किलोची जल्मली.”

टोळीतले बाकीचे हसतात, तोही हसतो. मॅडम हसत नाहीत. टोळीची कमाई वाटून घेतली जाते. त्याला अजून हिस्सा मिळतो, पण किती दिवस मिळेल हे त्याने विचारलेलं नाही आणि टोळीने सांगितलेलं नाही. दवाखान्यात त्याचं दुखणं शून्य ते दहामध्ये मोजलं गेलं, सातवरून दोनवर आलं, उपचार संपले. फाइल यशस्वी म्हणून बंद झाली असेल. दोन किलो आणि पन्नास किलो यांच्यामधली शिडी कोणी बांधून दिली नाही. दहा किलो कधी, वीस कधी, पाठीवर आधी की हातात आधी, कोणती खूण दिसली की थांबायचं, कोणतं दुखणं चालवून घ्यायचं. क्रिकेटपटूच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तर त्याला मैदानावर परत नेणारी अशी शिडी आठवड्याआठवड्याने आखलेली असते. माथाडीसाठी ती आखायची तर आधी पन्नास किलोच्या एका खेपेत पाठीला नेमकं किती पडतं ते कळायला हवं, आणि इथे आपण पुन्हा पहाटेच्या त्या ट्रकपाशी येतो.

“पन्नासच का?” मी मुकादमाला विचारतो.

“आमच्या बापाच्या टायमाला शंभराची हुती. पन्नास ही लढून घेतलीया.” त्याचा आवाज चढतो. पण गोणीत पंचावन्न भरून येतात, साठ भरून येतात, आणि मग काम बंद पडतं. पन्नासच्या वर उचलणार नाही म्हणून इथल्या माथाडींनी अनेकदा हात वर केलेत. जागतिक कामगार संघटनेची १९६७ ची शिफारस पुरुषासाठी ५५ किलोची कमाल मर्यादा सांगते. अमेरिकेच्या ‘नायॉश’ या संस्थेने १९९१ साली जे सूत्र दिलं, त्यात सगळी परिस्थिती आदर्श असतानाही दोन हातांनी उचलायचं ओझं २३ किलोच धरलंय. खरं सांगायचं तर गोणी शंभरावरून पन्नासवर आणणाऱ्यांनी तुर्भ्यातल्या पाठींसाठी जे केलं, ते आमच्या मॅडमच्या सगळ्या व्यायामांनी मिळून झालं नसेल, आणि हे त्या स्वतःच म्हणतात.

“मग पंचवीसची केली तर?” त्या विचारतात.

“दोन घेऊ,” मागून एक पोरगा म्हणतो.

मॅडम चमकून वळतात आणि तेही लिहून घेतात. कारण हिशोब गोणीवर असेल तर हलकी गोणी म्हणजे दुप्पट खेपा, नाहीतर दोन गोण्या एकदम. वजन, वेग आणि मजुरीची रीत या तिन्ही गोष्टी एकत्र मोजल्या नाहीत तर नुसत्या पाठीवरच्या दाबाचा आकडा घेऊन करायचं काय? बायोमेकॅनिक्सच्या माणसाला मजुरीचा तक्ता वाचायची सवय नसते. ती लावून घ्यावी लागेल.

आठ वाजतात. मॅडम मुकादमाला रीतसर विचारतात. परवानगी मिळाली तर आम्ही पुन्हा येऊ, काड्यापेटीएवढी यंत्रं पाठीला आणि मांडीला चिकटवू, काम नेहमीसारखं करायचं, दोन-तीन तास. चालेल?

मुकादम लगेच हो म्हणत नाही. कपाळावरचा घाम गमच्याने पुसतो. “ह्यो मापाचा कागद कुणाकडं जानार?”

“आमच्याकडे राहील. कॉलेजात.”

“माथाडी मंडळाकडं न्हाय? व्यापाऱ्याकडं न्हाय?” तो बारदानवाल्याकडे बघतो. “न्हायतर उद्या म्हणतील, ह्याची पाठ कच्ची हाय, ह्याला बसवा.”

हा प्रश्न मॅडमच्या वहीत नव्हता. त्या तो लिहितात, आणि या वेळी गोल न काढता पानाच्या अगदी वर लिहितात. मग दोघांचं बराच वेळ चालतं. नाव टाकायचं नाही, नंबर टाकायचा. कुठला नंबर कोणाचा ही यादी कॉलेजबाहेर जाणार नाही, मंडळालाही नाही. ज्याला मध्येच नको वाटेल त्याने यंत्र काढून ठेवायचं, कारण सांगायचं नाही. जे निघेल ते आधी टोळीला मराठीत सांगायचं, मग बाहेर छापायचं. प्रत्येक गोष्टीला मुकादम मान हलवतो.

“आन सोमवारी या. रविवारच्या सुट्टीनं गाड्या तुंबत्यात, खरं काम तवा दिसंल.”

“येऊ. आणि मामा, प्रत्येक गोणी आधी आमच्या काट्यावर मोजावी लागेल.”

“तुमच्या न्हाय,” मुकादम म्हणतो. “आमच्या.”

आणि काट्यावरून घासाघीस सुरू होते.